जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये डॅम्पिंग शीट लावूनही आवाज परत का येतो?

पंधरा-वीस वर्षे जुन्या, दोन आसनी स्पोर्ट्स कारचे मालक एक तक्रार पुन्हा पुन्हा घेऊन येतात. गाडीच्या तळाला, दारांना आणि डिक्कीला चंदेरी डॅम्पिंग शीट (पत्र्याची थरथर शमवणारी चिकट पट्टी) लावून घेतलेली असते, पहिले काही आठवडे गाडी शांत वाटते आणि उन्हाळा सरता सरता तीच घरघर परत येते. कधी तिच्या जोडीला डांबराचा वास येतो, कधी दारातून नवी खडखड सुरू होते. मग आधीच्या थरावर दुसरा थर चढतो, हलकी म्हणून घेतलेली गाडी जड होते आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच घडते. शीट कमी पडली म्हणून असे होत नाही. गाडीच्या आत येणारा आवाज तीन-चार वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि डॅम्पिंग शीट त्यांतली एकच वाट बंद करते. त्यातही आपल्या मराठवाड्यातल्या उन्हात चुकीची शीट ती एक वाटसुद्धा फार दिवस बंद ठेवू शकत नाही.

मराठवाड्यात ही तक्रार अधिक ऐकू येण्याला कारणे आहेत. समृद्धी महामार्ग सिमेंट काँक्रीटचा आहे आणि मोटारींना तेथे ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. काँक्रीटच्या रस्त्यावर पकड राहावी म्हणून बारीक आडव्या रेघा ओढलेल्या असतात. दोन रेघांमधले अंतर २० मिलिमीटर धरले, तर ताशी १०० किलोमीटर वेगाला टायर त्यांवरून सेकंदाला सुमारे १४०० वेळा जातो आणि त्यातून एक सलग, टोचणारा सूर तयार होतो. धुळे-सोलापूर महामार्गावरून बीडकडे जाताना किंवा लातूर-नांदेड पट्ट्यातल्या आतल्या रस्त्यांवर प्रश्न वेगळा असतो. तेथे काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, वरचा रस्ता लाटांसारखा होतो आणि कडक सस्पेन्शनच्या गाडीत खालच्या पट्टीतला धमधम आवाज भरून राहतो. एकाच गाडीत, एकाच प्रवासात हे दोन्ही आवाज येतात आणि दोघांवरचा उपाय मात्र एक नाही. त्यामुळे शीटचा गठ्ठा विकत घेण्याआधी आवाजाची ओळख पटवणे हे सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि नेमके तेच सगळे जण वगळतात.

आधी आवाज ओळखावा

पहिली चाचणी अगदी सोपी आहे. मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरच्या आसपास वेग स्थिर करावा आणि काही सेकंद गाडी न्यूट्रलमध्ये सोडावी. इंजिन बंद करू नये, कारण त्यामुळे स्टिअरिंग आणि ब्रेक यांची मदत जाते. आवाज तसाच राहिला तर तो टायर, बेअरिंग किंवा वाऱ्याचा आहे. एकदम कमी झाला तर तो इंजिन, गिअरबॉक्स किंवा सायलेन्सरच्या बाजूचा आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्यांना सुमारे १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांचा, घुमारा निर्माण होतो. एका ठरावीक फेऱ्यांनाच गाडी घुमत असेल आणि वर-खाली गेल्यावर शांत होत असेल, तर सायलेन्सरची रबरी हँगर आणि इंजिनाची माउंटिंग आधी पाहावीत. वीस वर्षांच्या गाडीत ही रबरे दगडासारखी कडक झालेली किंवा तडकलेली असतात, आणि ती बदलण्याचा खर्च शीट लावण्याच्या खर्चापेक्षा बहुधा कमीच असतो.

वेगाबरोबर चढत जाणारी गुणगुण असेल तर बेअरिंग आणि टायर वेगळे करावेत. मोकळ्या रस्त्यावर गाडी हळुवार डावी-उजवीकडे वळवली असता बेअरिंगचा आवाज बदलतो. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येते, त्यामुळे त्या वेळी आवाज वाढला तर उजव्या बाजूच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. टायरचा आवाज अशा वळणाने फारसा बदलत नाही, पण रस्ता बदलला की लगेच बदलतो; डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर चढताच तो वेगळाच ऐकू येतो. गाडी उभी करून टायरच्या नक्षीवरून तळहात दोन्ही दिशांनी फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागत असेल किंवा उंचवटे-खळगे जाणवत असतील, तर टायर असमान झिजला आहे, आणि त्यामागे बहुतेक वेळा थकलेला शॉकअॅब्सॉर्बर किंवा बिघडलेली अलाइनमेंट असते. टायरच्या बाजूवरच्या कोडमधले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. अशा गाड्या कमी धावतात, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते आणि रबर मात्र उन्हाने कडक झालेले असते. तो टायर ओरडणारच. त्याच्यासाठी गाडीचा अंतर्भाग उकलून ठेवण्यात अर्थ नाही.

वाऱ्याच्या आवाजासाठी रंगकाम करणाऱ्यांची कागदी मास्किंग टेप पुरते. चालकाशेजारच्या दाराच्या, काचांच्या आणि मागच्या हॅचच्या (वर उघडणाऱ्या मागच्या दाराच्या) फटी बाहेरून टेपने बंद करून कोणी जोडीदार गाडी चालवत असताना ऐकावे, किंवा एकेक फट बंद करत त्याच रस्त्यावरून जावे. चालकाचे दार टेपने बंद करू नये; तेथे फक्त काचेची कड आणि आरशाचे बूड झाकावे. एखादी पट्टी लावताच शिट्टी थांबली तर जागा सापडली.

चौथी चाचणी मला सर्वांत उपयोगी वाटते आणि तिला पैसे लागत नाहीत. मागे काचेचा हॅच असलेल्या दोन आसनी गाडीत आसनांच्या पाठीमागे भिंत नसते; मागच्या चाकांच्या कमानी, स्पेअर चाकाचा खड्डा आणि चालकाचे कान एकाच खोलीत असतात. घरातल्या दोन जाड, जड वाकळी घ्याव्यात, डिक्कीच्या तळावर आणि चाकांच्या कमानींवर नीट बसवाव्यात आणि नेहमीच्या रस्त्यावर फेरी मारावी. आवाजात स्पष्ट फरक पडला तर मागच्या भागावर काम करणे सार्थकी लागेल. काहीच फरक पडला नाही तर आवाज पुढून किंवा दारांतून येत आहे आणि डिक्कीत शीट लावून पैसा वाया जाईल.

मोबाइलवरच्या डेसिबल मोजणाऱ्या अॅपवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नये. ही अॅप सहसा कानाच्या संवेदनेनुसार वजावट करून आकडा दाखवतात आणि १०० हर्ट्झच्या आवाजातून त्यात सुमारे १९ डेसिबल वजा होतात. त्यामुळे त्रासदायक घुमारा गेला तरी आकडा जागचा हलत नाही. वारंवारतेचा आलेख दाखवणारे अॅप वापरावे, आणि मोजणी तोच रस्ता, तोच वेग, तीच टायरची हवा आणि बंद एसी ठेवूनच करावी.

शीट स्वतःच का हरते

आता शीटकडे येऊ. पत्र्याचा सपाट, मोठा भाग हलगीच्या कातड्यासारखा वाजतो, आणि त्यावर मधोमध बोट टेकवले की नाद मरतो. डॅम्पिंग शीटचे काम एवढेच आहे. चिकट ब्युटाइल रबराचा थर आणि वर अॅल्युमिनियमची पातळ फॉइल अशी ती रचना असते. गाडीचा पत्रा थरथरला की मधला ब्युटाइलचा थर दोन धातूंच्या मध्ये सरकतो, आणि कंपाची ऊर्जा किंचित उष्णतेत बदलून संपते. ही शीट बाहेरचा आवाज अडवत नाही आणि हवेतला आवाज शोषतही नाही. दुकानात ‘साउंडप्रूफिंग’ या एका शब्दाखाली हे तिन्ही गुण विकले जातात. तक्रारीचे मूळ तेथे आहे.

स्वस्त शीटमध्ये ब्युटाइलऐवजी डांबरी मिश्रण असते. काही जण तर हार्डवेअरच्या दुकानातली, स्लॅबची गळती थांबवण्यासाठीची चंदेरी डांबरी पट्टी गाडीत लावतात, कारण दिसायला दोन्ही सारख्याच. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा पत्रा सहज ७० अंशांपर्यंत तापतो. त्या तापमानाला डांबरी मिश्रण मऊ पडते, दाराच्या उभ्या पत्र्यावरून घसरते, छतावरून लोंबते आणि गाडीत वास भरतो. सपाट तळावर ते एखादे वेळी टिकते. दारे, छत आणि हॅचच्या आतल्या बाजूला ते कधीही लावू नये. ओळखण्यासाठी एक छोटा तुकडा घेऊन रॉकेलमध्ये भिजवलेल्या बोळ्याने चिकट बाजू पुसावी. बोळ्यावर तपकिरी-काळा, डांबराच्या वासाचा डाग लगेच उतरला तर ते डांबर आहे. त्याहून खात्रीची चाचणी म्हणजे तो तुकडा जुन्या पत्र्यावर चिकटवून, पत्रा उभा करून, दोन-तीन दुपारी गच्चीवर ठेवणे. सरकला तर गाडीतही सरकणार.

चांगली शीटसुद्धा सुटते, आणि त्याची कारणे जवळजवळ नेहमी सारखी असतात. पत्र्यावर जुने मेण, तेलाचा थर किंवा आपल्याकडची बारीक काळी धूळ राहिलेली असते. डिटर्जंटच्या पाण्याने धुवून, पूर्ण वाळवून, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे आवश्यक आहे. थिनर रंग खाऊ शकतो म्हणून टाळावा. दुसरे कारण म्हणजे रोलर न फिरवणे. हाताने दाबलेली शीट चिकटल्यासारखी दिसते, पण तिच्याखाली हवेचे फुगे राहतात, आणि फुगा असेल तेथे शीट पत्र्याच्या कंपात भागच घेत नाही. वरची नक्षी रोलरखाली सपाट होईपर्यंत दाबत राहावे. तिसरे कारण हवामान. डिसेंबर-जानेवारीत परभणीची पहाट एक आकडी तापमानाची असते, तेव्हा पत्रा आणि शीट दोन्ही थंड असतात आणि चिकटपणा जागाच होत नाही. दसऱ्यानंतरचे किंवा फेब्रुवारीतले दिवस, सकाळी दहानंतर, हे या कामाला उत्तम. हिवाळ्यात करायचेच तर शीट तासभर उन्हात ठेवावी आणि हीटगनने पत्रा कोमट करावा.

जुन्या गाडीच्या तळावर कंपनीने भाजून बसवलेल्या डांबरी गाद्या असतात. त्या अखंड असतील तर तशाच राहू द्याव्यात. तडकून सुटल्या असतील तेवढ्याच काढाव्यात, आणि काढल्यावर खाली गंज दिसला तर तो घासून, प्रायमर व रंग लावून, पूर्ण सुकल्यावरच पुढे जावे. ओल्या गंजावर चिकटवलेली शीट पत्रा आतून खाऊ देते आणि ते वर्षानुवर्षे दिसत नाही. जुनी गाडी जपणाऱ्या माणसाला यापेक्षा मोठे नुकसान नाही, म्हणून हे पाऊल घाईने उरकणाऱ्या कारागिराला काम देऊ नये.

किती, कोठे आणि कशावर काय

पत्रा पूर्ण झाकण्याची गरज नाही. मोकळ्या सपाट भागाच्या मध्यावर सुमारे पाव भाग झाकला तरी डॅम्पिंगचा बहुतेक फायदा मिळतो. उरलेला तीन चतुर्थांश भाग झाकल्याने मुख्यतः वजन वाढते. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. ‘टण्ण’ वाजणाऱ्या जागी तुकडा लावावा, ‘ठप’ वाजणारी जागा सोडून द्यावी. पत्र्याला आधीच दुमड किंवा बरगडी असेल तेथे तो वाजत नाही. २ मिलिमीटर जाडीची ब्युटाइल शीट चौरस मीटरला साधारण ३ ते ३.५ किलो भरते. दोन आसनी गाडी आतून सर्वत्र, दोन-दोन थरांनी झाकली तर ४० किलोंच्या आसपास वजन वाढते, आणि नेमक्या जागी लावली तर ७-८ किलोंत काम होते. स्पोर्ट्स कारच्या स्वभावाचा विचार करता हा फरक क्षुल्लक नाही. फायबरच्या बॉडीची गाडी असेल, जशी गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म, तर तेथे पोलादी पत्र्याइतका नाद नसतो आणि शीटचा उपयोगही त्या मानाने कमी होतो.

टायरचा आवाज अडवायला जड पडदा लागतो. चौरस मीटरला ५ किलोंच्या आसपास वजनाचे जड विनाइल आणि त्याखाली बंद छिद्रांचा ६ ते १० मिलिमीटरचा फोम, ही जोडी आसनांमागच्या तळावर आणि चाकांच्या कमानींवर सैल पसरावी. फोममुळे विनाइल पत्र्यापासून अलग राहते. सरळ पत्र्याला चिकटवले तर ते पडद्याचे काम गमावून फक्त वजन बनते. सर्वांत वर जाड नमदा किंवा पॉलिस्टरचा फेल्ट घालावा. उघड्या छिद्रांचा पातळ फोम घुमारा शोषेल ही अपेक्षा ठेवू नये, कारण १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर असते आणि काही मिलिमीटर फोम तिच्यापुढे काहीच करू शकत नाही. अंतर्भागात जाणारा कोणताही फोम किंवा फेल्ट ज्वलनरोधी असावा. गाडीच्या आतील साहित्यासाठी आयएस १५०६१ हे भारतीय मानक आहे आणि विक्रेत्याला त्याबद्दल विचारावे. गाद्यांच्या दुकानातला साधा फोम कार्पेटखाली घालणे धोक्याचे आहे.

जड पडद्याचा गुण एका लहानशा छिद्राने जातो. एकूण क्षेत्राच्या फक्त १ टक्का जागा उघडी राहिली तर उरलेली भिंत कितीही जड असो, एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणून वायरिंग जेथे फायरवॉलमधून (इंजिन आणि आसने यांमधल्या पत्र्याच्या भिंतीतून) आत येते तेथले रबरी कडे म्हणजे ग्रोमेट, तळातली हरवलेली रबरी बुचे, गिअर लिव्हरचा फाटलेला बूट आणि दारांचे बीडिंग (कडेची रबरी पट्टी) यांच्याकडे आधी पाहावे. रात्री गाडीखाली विजेरी ठेवून आत बसले की उघडी छिद्रे लगेच दिसतात. बीडिंगसाठी त्यावर पांढरा खडू घासून दार लावावे आणि उघडावे. समोरच्या पत्र्यावर खडूची रेघ जेथे तुटली असेल तेथे बीडिंग टेकत नाही. कागदाची पट्टी दारात धरून ओढण्याची रीतही चालते, पण खडू संपूर्ण परिघ एकदम दाखवतो. लातूरच्या एका डॉक्टरांच्या गाडीत दोन थर शीट लावूनही ऐंशीच्या पुढे घोंघावणे जात नव्हते. तळातले एक बूच आणि हॅचचे चपटे झालेले बीडिंग बदलल्यावर ते गेले.

एक छिद्र मात्र बंद करायचे नसते. मागच्या बंपरच्या आत, बॉडीच्या पत्र्यात, दार लावताना आतली हवा बाहेर जावी म्हणून रबरी पडद्यांच्या जाळ्या असतात. त्या शीटने झाकल्या तर दार जोरात आपटावे लागते, कानांवर दाब येतो आणि एसीची हवा नीट खेळत नाही. शीट लावल्यानंतर दारे जड लागू लागली असतील तर कारण बहुधा हेच असते.

दारे, वायरिंग आणि नंतरची खडखड

दाराच्या काचेवरून पावसाचे पाणी आत उतरते आणि तळाच्या छिद्रांतून बाहेर जाते; ही रचना मुद्दाम केलेली आहे. ही छिद्रे शीटने किंवा तिच्या सुटलेल्या तुकड्याने बुजली की दाराचा तळ कुजतो. बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला मध्यावर एक-दोन तुकडे लावावेत, काच वर-खाली होण्याची वाट मोकळी ठेवावी आणि दाराचा आतला प्लास्टिक पडदा नव्या ब्युटाइल दोरीने पूर्ण परिघावर चिकटवावा. तो पडदा अर्धवट सुटलेला असणे हे दारातून येणाऱ्या आवाजाचे आणि ओल्या कार्पेटचे फार सामान्य कारण आहे. काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगचा दाब ओळखणारा सेन्सर दारातच असतो, आणि तेथे पडद्याची मूळ रचना बदलू नये.

आसने काढण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडून काही मिनिटे थांबावे, आणि आसनाखालचे पिवळे कनेक्टर त्यानंतरच सोडावेत, कारण ते एअरबॅगचे असतात. कनेक्टर सुटे असताना इग्निशन चालू केल्यास डॅशबोर्डवर दिवा लागून राहतो. आसनांचे बोल्ट पुन्हा बसवताना कंपनीने दिलेल्या टॉर्कलाच आवळावेत. छताला हात लावायचा तर आतले अस्तर बदलायचे असेल तेव्हाच लावावा, कारण वीस वर्षांपूर्वीचे अस्तर काढताना हमखास फाटते.

काम संपल्यावर नवी खडखड सुरू झाली तर शीट काढायला घेऊ नये. मोठा घुमारा कमी झाला की त्याखाली दबलेले बारीक आवाज ऐकू येऊ लागतात, आणि जुन्या प्लास्टिकच्या क्लिप काढताना दोन-चार तुटलेल्या असतातच. दारांच्या पॅडवर (आतल्या आवरणावर) तळहाताने टप्प्याटप्प्याने दाबत खडखड कोठे थांबते ते पाहावे, तेथली क्लिप नवी घालावी आणि प्लास्टिकवर प्लास्टिक घासते तेथे कापडी टेप लावावी. वायरिंगचे सैल झुबके दारात पत्र्यावर आपटत असतील तर त्यांनाही तीच टेप गुंडाळावी.

पुढचा मे महिना आला की दुपारी गाडी तापलेली असताना हॅचचे आतले आवरण आणि एका दाराचे पॅड काढून शीटच्या कडा बोटाने दाबाव्यात. एखादी कड उचललेली असेल तर ती गरम असतानाच रोलरने पुन्हा बसते. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाल्यावर दोन्ही बाजूंच्या पायांखालचे कार्पेट आणि स्पेअर चाकाचा खड्डा हाताने चाचपावा. ओल लागली तर आधी पाणी कोठून येते ते शोधावे, फेल्ट बाहेर काढून उन्हात वाळवावा आणि पत्रा कोरडा ठाक झाल्यावरच वरचे थर पुन्हा घालावेत.